देणे किती उरले, ते लेखी कळवावे

खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून एका माउलीचे पत्र आमच्याकडे आले आहे. अक्षर तिच्या धाकट्या मुलीचे आहे; शब्द मात्र माउलीचेच, हे पहिल्या ओळीलाच कळते. तिचा थोरला मुलगा काही वर्षांपूर्वी स्पेन देशी गेला. तेथे समुद्रकाठच्या एका शहरी तो उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. वडिलांच्या दुखण्यात पैसा लागला तेव्हा त्याने तेथील एका बँकेतून कर्ज काढले. वडील वाचले नाहीत, कर्ज राहिले. हप्ते त्याने एकही न चुकविता भरले. आता बहिणीचे लग्न ठरले आहे व लग्नापूर्वी सारे देणे एकदम फेडून कायमचे घरी परतावे, असा त्याचा मनोदय आहे. पैसा त्याने साठविला आहे. अडले आहे ते एका पत्रापाशी.

"कर्ज पुरते मिटविण्यास एकूण किती भरावे लागेल," एवढेच बँकेला विचारावयाचे आहे. परंतु मुलाला स्वयंपाकघरातली स्पॅनिश येते, कचेरीतली येत नाही. दूरध्वनी केला तर पलीकडची व्यक्ती इतकी झरझर बोलते की, तिसऱ्या वाक्याला हा "सी, सी" म्हणजे "होय, होय" म्हणून मोकळा होतो. आणि आपण कशाला होय म्हटले या विचाराने रात्री त्याला झोप येत नाही. माउली लिहिते, "तुमच्या ओळखी पुष्कळ. माझ्या लेकरास तेवढे एक पत्र कोणाकडून तरी लिहून द्या."

पत्र आम्ही लिहिले. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत पुष्कळ वर्षे सेवा करून परतलेल्या एका धर्मभगिनींनी ते तपासून दिले व त्यांतील दोन चुकांबद्दल आमचा कानही धरला. रोमन लिपीतील प्रत माउलीकडे टपालाने रवाना झाली आहे. तरीही हा विषय आम्ही या सदरात घेत आहो, कारण हे एका घरापुरते नाही. आमच्या गावांतील मुले-मुली दूरदेशी जातात, कर्जे काढतात, फेडतात. आणि फेडल्यावर कागद मागावयाचा असतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

स्पॅनिश पत्रांचा आणि आमच्या किनाऱ्याचा संबंध तसा जुनाच आहे. संत फ्रान्सिस झेवियर हे नवार प्रांतीचे. 1542 साली ते गोव्यास उतरले, आणि पुढील दहा वर्षांत त्यांनी पूर्वेकडून युरोपास जी पत्रे धाडली त्यांतील कित्येक स्पॅनिश भाषेतच होती. उत्तर यावयास वर्षे लागत. 1546 साली मोलुक्का बेटांतून त्यांनी आपल्या सोबत्यांना कळविले की, तुमच्या पत्रांतील तुमच्या सह्या कापून घेऊन त्या मी सदैव अंगावर बाळगतो. सही म्हणजे काय चीज असते, हे ज्याला घरापासून दूर राहावे लागले त्यालाच कळते. बँकेच्या सहीबद्दल इतके प्रेम कोणास वाटणार नाही, हे खरे. पण तीही जपून ठेवण्यासारखी असते, हे आम्हांस पुढे सांगावयाचे आहे.

प्रथम, विचारावयाचे ते लेखीच का? आमच्या पुष्कळ वाचकांची अशी समजूत असते की, उरलेले हप्ते मोजले, हप्त्याच्या रकमेने गुणले, की देणे निघाले. तसे ते नसते. समजा, मुद्दल 3,000 युरो उरले आहे, व्याज सालीना शेकडा 8 आहे आणि वीस महिने बाकी आहेत. हप्ता सुमारे 160 युरो 72 सेंट पडेल व वीस हप्त्यांचे मिळून सुमारे 3,214 युरो होतील. परंतु आजच सारे फेडावयाचे म्हटले तर पुढच्या वीस महिन्यांचे व्याज देण्याचे कारण नाही. मुद्दल द्यावयाचे, मागील हप्त्यापासून आजपर्यंतच्या दिवसांचे व्याज द्यावयाचे, आणि मुदतीपूर्वी फेडल्याबद्दल बँकेस काही भरपाई द्यावयाची. स्पेनमध्ये 2011 च्या ग्राहक-कर्ज कायद्याने या भरपाईला मर्यादा घातली: स्थिर व्याजाच्या कर्जात मुदत संपावयास एक वर्षाहून अधिक काळ असेल तर फेडलेल्या रकमेच्या शेकडा 1, आणि एक वर्ष किंवा कमी असेल तर शेकडा अर्धा, याहून जास्त नाही. म्हणजे आमच्या उदाहरणात फार तर 30 युरो. एकूण पावणेदोनशे युरोंच्या आसपास वाचतात. ज्या मुलाने दर महिन्याला घरी पैसे पाठवून उरलेल्यांतून हे साठविले, त्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हे.

आता यांतील व्याजाचा भाग रोज वाढतो. 3,000 युरोंवर दिवसाला सुमारे 66 सेंट. म्हणून सोमवारी सांगितलेला आकडा शुक्रवारी खरा राहत नाही. मुलाने सोमवारचा आकडा शुक्रवारी भरला, तर अडीच-तीन युरो उरतात. ते कोणी मुद्दाम मागत नाही. परंतु हिशेबात ते उभे राहतात, त्यांवर व्याज व दंड चढतो, आणि मुलगा तर केव्हाच विमानात बसून घरी आलेला असतो. बँकेची सूचनापत्रे त्याच्या जुन्या खोलीच्या दारात पडत राहतात. पुढे कधी त्याला पुन्हा त्या देशी जाण्याची संधी आली, तर आपल्या नावावर अजून देणे उभे असल्याचे पाहून तो चकित होतो. म्हणून "किती देणे आहे" असे विचारावयाचे नसते. "अमुक तारखेस किती देणे होईल" असे विचारावयाचे असते, आणि उत्तर कागदावर घ्यावयाचे असते. बँकेच्या भ्रमणध्वनीवरील पडद्यावर जो आकडा दिसतो तो बहुधा नुसत्या मुद्दलाचा असतो. त्यावर विसंबू नये.

आमच्या घरातलीच एक गोष्ट सांगतो. आमच्या आजोबांनी एका सावकाराचे कर्ज सुगीच्या दिवशी फेडले. शेवटचे पैसे ओटीवर बसून मोजून दिले, चहा घेतला, "आता आपला हिशेब चुकता" असे दोघांनी एकमेकांस म्हटले व आजोबा घरी आले. खत परत मागितले नाही. भल्या माणसाकडे कागद मागणे त्यांना अपमानास्पद वाटले. तो सावकारही, आम्हांस वाटते, त्या दिवशी भलाच होता. पण पुढे दोघेही वारले, आणि सावकाराच्या पेटीत ते खत त्याच्या मुलांना सापडले. आमच्या वडिलांनी तेच कर्ज दुसऱ्यांदा फेडले. त्यासाठी विहिरीकडचा जमिनीचा तुकडा गेला. आजीने त्या सावकाराच्या घराला कधी शाप दिला नाही, ती एवढेच म्हणे, "एक ओळ लिहून घेतली असती."

कागदावरील एका ओळीने काय होते, हे खुद्द स्पेनच्या एका थोर संतिणीने अनुभविले आहे. आविलाच्या संत तेरेजाबाई आमच्या वाचकांना ध्यानप्रार्थनेच्या गुरू म्हणून ठाऊक आहेत. त्यांच्या चारशेंहून अधिक पत्रांकडे आमच्यापैकी कितीजण वळले असतील? त्यांत प्रार्थना आहे, तशीच घरे, भाडी, कर्जे, औषधे आणि मासळी यांचीही चर्चा आहे. मठ काढावयाचा म्हणजे घर घ्यावयाचे, आणि घर घ्यावयाचे म्हणजे पैशाची बोली करावयाची. त्यांचे बंधू लोरेन्सो हे दक्षिण अमेरिकेत कीटो येथे होते. त्यांनी पाठविलेल्या पैशाने आविलातील संत योसेफाच्या पहिल्या मठाला मोठा आधार झाला. 23 डिसेंबर 1561 रोजी, नाताळच्या दोन दिवस आधी, बाईंनी बंधूला त्या पैशाची पोच देणारे लांब पत्र लिहिले. मठ पुढील वर्षी 24 ऑगस्टला उघडला. परदेशी कमावणारा भाऊ, घरी पैशाची वाट पाहणारी बहीण आणि मधे समुद्र, हे चित्र आमच्या वाचकांना परके वाटू नये.

हेच लोरेन्सो 1575 साली स्वदेशी परतले, तेव्हा तेरेजाबाई सेव्हिल शहरी नवा मठ उभा करण्याच्या विवंचनेत होत्या. घर मिळत नव्हते, पैसा नव्हता, आणि त्या शहरात त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. बंधूने धावून येऊन घर मिळवून दिले व व्यवहारास जामीन राहिले. परंतु खरेदीखत लिहिताना लेखनिकाच्या हातून एक चूक झाली, आणि तिच्यामुळे विक्रीकराचा मोठा बोजा मठावर येऊन पडण्याची पाळी आली. जामीन म्हणून लोरेन्सोंना अटक होण्याचा प्रसंग ओढवला आणि त्यांना आश्रय घेऊन लपून राहावे लागले. ज्याने परोपकार केला तो गुन्हेगारासारखा लपला. आणि हे सारे एका कारकुनाच्या लेखणीने. तेरेजाबाईंनी हा प्रसंग आपल्या मठस्थापनांच्या ग्रंथात स्वतः नमूद केला आहे. अखेर तो पेच सुटला. 3 जून 1576 रोजी त्या मठात पवित्र साक्रामेंताची स्थापना मोठ्या मिरवणुकीने झाली, आणि बाईंनी आर्चबिशपांपुढे आशीर्वादासाठी गुडघे टेकले तेव्हा आर्चबिशपांनी त्यांच्यापुढे गुडघे टेकले. लोक ही मिरवणूक आठवतात. आम्हांस मात्र लपून बसलेले लोरेन्सो अधिक आठवतात.

असो. आता पत्राकडे वळू. कानाला कळावे म्हणून ते देवनागरीत देतो. स्पेनच्या बऱ्याच भागांत यांतील काही स-कार थ-सारखे उच्चारले जातात. त्याची चिंता नको, पत्र वाचावयाचे आहे, बोलावयाचे नाही.

आरंभ असा: "मुई सेन्योरेस मीओस." शब्दशः अर्थ "माझे महाशय", भावार्थ आपल्या "महोदय" सारखा. यानंतर स्पॅनिश लोक स्वल्पविराम न देता अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबे देतात. पहिला कान आमचा येथेच धरला गेला.

मग मुख्य वाक्य: "मे दिरीहो आ उस्तेदेस कोमो तितुलार देल प्रेस्तामो नूमेरो" (येथे कर्जाचा क्रमांक) "पारा सोलिसितार्लेस के मे कोमुनिकेन पोर एस्क्रीतो एल इम्पोर्ते एक्साक्तो नेसेसारिओ पारा सु कान्सेलासिओन तोताल आ फेचा" (येथे तारीख). म्हणजे, "अमुक क्रमांकाच्या कर्जाचा धारक या नात्याने मी आपणांस लिहीत आहे, अमुक तारखेस ते संपूर्ण मिटविण्यासाठी लागणारी नेमकी रक्कम मला लेखी कळवावी." यांतील "पोर एस्क्रीतो", लेखी, हे दोन शब्द गाळू नयेत. सारे पत्र त्या दोन शब्दांसाठी आहे.

पुढे: "लेस रुएगो के इन्दिकेन पोर सेपारादो एल कापिताल पेन्दिएन्ते, लोस इन्तेरेसेस ई लास कोमिसिओनेस, असी कोमो एल नूमेरो दे कुएन्ता एन एल के देबो एफेक्तुआर एल पागो." मुद्दल, व्याज आणि आकारणी ही तिन्ही वेगवेगळी दाखवावी व कोणत्या खात्यात भरणा करावयाचा तो क्रमांक द्यावा. तिन्ही आकडे वेगळे मागितले की आकारणी कायद्यातील मर्यादेत आहे की नाही हे ताडून पाहता येते. एकच ठोक आकडा आला तर काहीच कळत नाही.

"लेस रुएगो" म्हणजे "मी आपणांस विनवितो". संतांच्या लितानीत स्पॅनिश भाविक "आम्हांसाठी विनंती कर" म्हणतात तेव्हा हेच क्रियापद वापरतात. बँकेला आणि स्वर्गातील संतांना एकाच शब्दाने विनवावे याचे आम्हांस प्रथम हसू आले. मग वाटले, नम्रतेला दोन भाषा नसाव्यात हेच बरे. "उस्तेद" या आदरार्थी शब्दाचीही अशीच मौज आहे. "व्हुएस्त्रा मेरसेद", म्हणजे "आपली कृपा", हे संबोधन बोलता बोलता झिजून "उस्तेद" झाले. कृपा या अर्थाचे हे "मेरसेद" आमच्या ख्रिस्तसभेत दुसऱ्या ठिकाणीही भेटते: संत पीटर नोलास्को यांनी 1218 साली बार्सेलोना येथे गुलामगिरीत पडलेल्या ख्रिस्ती बंदिवानांना पैसे भरून सोडविण्यासाठी जो संघ स्थापिला, तो कृपामातेचा, मेरसेदचाच. तेव्हा ज्या कारकुनाला आपण "उस्तेद" म्हणतो, त्याला नकळत आपण पुष्कळ काही म्हणत असतो.

शेवटचा परिच्छेद: "उना वेस एफेक्तुआदो एल पागो, लेस रुएगो के मे एन्व्हिएन एल सेर्तिफिकादो दे देउदा सेरो." भरणा झाल्यावर देणे शून्य असल्याचा दाखला पाठवावा. मग "केदो आ ला एस्पेरा दे सु रेस्पुएस्ता", आपल्या उत्तराची वाट पाहत आहे. आणि "आतेन्तामेन्ते", जसे आपले "कळावे". त्याखाली सही.

जुन्या काळी स्पॅनिश पत्राचा शेवट इतका आटोपशीर नसे. "आपला खात्रीचा सेवक, जो आपल्या हाताचे चुंबन घेतो" असा मजकूर आद्याक्षरांत आखडून लिहीत, आणि सरकारी पत्राखाली "देव आपणांस पुष्कळ वर्षे राखो" अशी प्रार्थना असे. आपले जुने लोक "कृ. सा. न. वि. वि." लिहीत व शेवटी "लोभ असावा ही विनंती" म्हणत, तसेच ते. आता दोन्हीकडे हे लोपले. बँकेला पत्र लिहिताना त्याची उणीव भासत नाही, हे कबूल करतो.

दुसरा कान धरला गेला तो रकमेवरून. आम्ही 2,500 असे आकड्यात लिहिले होते. स्पेनमध्ये हजारांनंतर स्वल्पविराम देत नाहीत. तेथे स्वल्पविराम दशांशासाठी असतो, आणि हजारांसाठी टिंब देत किंवा जागा सोडीत आले आहेत. म्हणजे आमचे अडीच हजार तेथे अडीच होतात! मेक्सिकोत मात्र आपल्यासारखेच चालते. म्हणून रक्कम अंकी व अक्षरी दोन्ही लिहावी. आपल्या धनादेशावर लिहितो तशीच.

याहून मोठा खड्डा नावाचा आहे. स्पॅनिश माणसाला दोन आडनावे असतात, पहिले पित्याकडील, दुसरे मातेकडील. आणि कचेरीत त्याची नोंद पहिल्या आडनावाखाली होते. आपल्याकडे स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव, मग आडनाव. तेथला कारकून सरळ भावाने वडिलांचे नाव हेच पहिले आडनाव समजतो आणि खरे आडनाव आईचे म्हणून मागे टाकतो. एकाच मुलाची कागदपत्रे मग दोन ठिकाणी राहतात, आणि एकीकडे फेडलेले दुसरीकडे फेडलेले दिसत नाही. यावर उपाय म्हणजे परकीय रहिवाशाला मिळणारा ओळख क्रमांक. त्याच्या आरंभी एक्स, वाय किंवा झेड यांपैकी एक अक्षर असते. तो क्रमांक नावाखाली प्रत्येक पत्रात लिहावा. नावाचा घोटाळा होईल, क्रमांकाचा होत नाही.

पत्र पाठवावे कसे? शाखेत स्वतः नेऊन दिले तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. उत्तर न आल्यास स्पॅनिश टपालखात्याची "बुरोफाक्स" नावाची सेवा आहे. तिच्यात पत्र पोचल्याचाच नव्हे, तर पत्रात काय लिहिले होते याचाही दाखला मिळतो व तो न्यायालयात चालतो. ती महाग पडते, म्हणून पहिल्याच पत्राला ती वापरण्याची गरज नाही.

घर तारण ठेवून काढलेल्या कर्जाचे आणखी एक पाऊल असते, ते येथे थोडक्यात सांगतो. पैसे फिटले तरी तेथील मालमत्तेच्या नोंदवहीत तारणाची नोंद आपोआप पुसली जात नाही. नोटरीपुढे दस्त करून ती काढून घ्यावी लागते. आपल्याकडे सोसायटीचे कर्ज फिटूनही उताऱ्यावरचा बोजा तसाच राहतो व मुलांच्या वाटणीच्या वेळी डोके वर काढतो, तसाच हा प्रकार.

फिटल्याच्या दाखल्याला स्पॅनिश बोलणारे देश निरनिराळी नावे देतात, आणि ती ठाऊक असावीत, कारण आमच्या धर्मभगिनी व मुलेमुली केवळ स्पेनमध्येच नाहीत. स्पेनमध्ये "शून्य देण्याचा दाखला". मेक्सिकोत "कार्ता दे नो आदेउदो", देणे नसल्याचे पत्र. "कान्सेलार" हा शब्दही जपून वापरावा: दक्षिण अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ नुसते "पैसे भरणे" असा होतो, म्हणून तेथे केवळ तेवढ्यावर न थांबता "संपूर्ण" हा शब्द अवश्य जोडावा. आणि कोलंबियात या दाखल्याचे नाव आहे "पास ई साल्व्हो". शब्दशः पाहिले तर "शांती आणि सुरक्षित". कर्जमुक्तीच्या कागदाला इतके नेमके नाव आम्हांस दुसऱ्या कोणत्याही भाषेत भेटले नाही. आमच्या आजीला ते आवडले असते.

ज्याला लिहिता येत नाही, किंवा त्या भाषेत येत नाही, त्याने काय करावे? मेक्सिको शहरात सांतो दोमिंगो या चौकात, डॉमिनिकन संघाच्या मंदिराजवळ, कमानींच्या पडवीत पत्रलेखक बसत आले आहेत. पूर्वी पिसाची लेखणी, पुढे टंकयंत्र. शेजारी जुने जकातघर. तेथे कामाला येणाऱ्यांना अर्ज लागत, आणि खेड्यातून आलेल्यांना घरी ख्यालीखुशाली कळवावयाची असे. प्रेमपत्रेही ते लिहून देत. या लेखकांना लोकांनी नाव दिले "एव्हान्हेलिस्तास", म्हणजे शुभवर्तमानकार! मेक्सिकन समाजातील निरनिराळ्या व्यवसायांची चित्रे रेखाटणारा एक ग्रंथ 1854 च्या सुमारास तेथे निघाला, त्यांतही या शुभवर्तमानकाराला स्वतंत्र प्रकरण मिळाले आहे. नाव विनोदाने पडले असेल. परंतु दुसऱ्याच्या तोंडचे शब्द इमानाने कागदावर उतरविणे हे काम संत मात्तय व संत लूक यांच्या नावाला अगदीच लाजविणारे नाही.

संत पौल यांनाही लेखनिक लागे. रोमकरांस पाठविलेले पत्र लिहून घेणाऱ्या तेर्तियाने शेवटी आपल्या नावाने नमस्कार घातला आहे. आणि पवित्र शास्त्रातील सर्वांत लहान पत्रांपैकी एक जे फिलेमोनास पत्र, ते तर बऱ्याच अंशी देण्याचेच पत्र आहे. पळून आलेल्या ओनेसिम या दासाला परत पाठविताना पौल धन्यास कळवितात की, याने तुझे काही देणे लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड; आणि लगेच स्पष्ट करतात की, हे मी माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे, मी फेडीन. तुरुंगातील माणसाकडे फेडावयास काय असणार? तरी त्यांनी नुसता तोंडी निरोप दिला नाही. लेखणी हाती घेतली.

आमच्या धर्मग्रामांत आज शिकलेली मुले घरोघर आहेत. त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर तासभर बसून शेजाऱ्यांचे अर्ज लिहून द्यावेत, मग ते मराठीत असोत, कानडीत असोत की इंग्रजीत, असे आम्हांस वाटते. मात्र एक पथ्य पाळावे: लिहिलेले सारे त्याच्या भाषेत त्याला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि मगच त्याची सही घ्यावी. लूककृत शुभवर्तमानातील त्या लबाड कारभाऱ्याने ऋणकोंना बसवून शंभराचे पन्नास लिहविले होते. प्रभूंनी त्याच्या धूर्तपणाची वाखाणणी सांगितली आहे, लेखनाची नव्हे.

जाता जाता एक गोष्ट. "आमच्या बापा" या प्रार्थनेत स्पेनमधील भाविक पिढ्यान्‌पिढ्या "आमची देणी सोड" अशा अर्थाचा शब्द म्हणत. 1988 साली ते रूप बदलले व "देउदास", म्हणजे देणी, याच्या जागी "ओफेन्सास", म्हणजे अपराध, हा शब्द आला. अर्थाला बाध येत नाही, हे खरे. मात्तयकृत शुभवर्तमानाच्या मराठी भाषांतरांत "ऋण" हा शब्द आढळतो, आणि तो आम्हांस अधिक जवळचा वाटतो. ज्याने ऋण काढले आहे त्याला त्या ओळीचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही.

खानापूरकडील माउलीस आमचे सांगणे एवढेच: लिफाफ्यात पत्राच्या दोन प्रती आहेत. मुलाने तारखेची जागा भरताना निदान तीन आठवड्यांपुढची तारीख घालावी, म्हणजे उत्तर येण्यास अवधी राहील. भरणा झाल्यावर दाखला हाती येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये, आणि ज्या खात्यातून हप्ते कापले जात ते खातेही बंद करून त्याचा कागद घ्यावा. रिकाम्या खात्यावरही आकारणी चढत राहते. दुसरी प्रत त्याने परत येताना सोबत आणावी. लग्नाची पत्रिका आम्हांस पोचली. येण्याचा प्रयत्न करू.